सावली मध्यावर आली की

(१९८६ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना माझ्या वाट्याला कधी दहा मिनिटं आली नव्हती. आली तीसुद्धा वर्गाबाहेर उभं राहण्याची. तेव्हा थोडं इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

सकाळी ओळख करून देताना आपल्यातले डॉक्टर, इंजिनिअर, बँक मॅनेजर उठून उभे राहिले. माझी पाळी आली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "केबलवाला!" बरोबर आहे. गावात मला निम्मे लोक अजून त्याच नावानं ओळखतात. म्हणून म्हटलं, आज त्या केबलचीच गोष्ट सांगावी. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती सांगायला आलोय म्हणा ना.

दहावीनंतर मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला आणि स्टँडमागं दुरुस्तीचं दुकान टाकलं. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर ते युद्ध थेट दिसतंय, अशा बातम्या यायच्या. त्याच वर्षी स्टारची चॅनेल्स सुरू झाली. स्टार प्लस, प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही, बीबीसी. सगळी एशियासॅट-१ नावाच्या एकाच उपग्रहावरून. आपल्या गावात तोवर दूरदर्शन, आणि तेही मुंग्यांसकट.

या उपग्रहाची एक गंमत तुम्हाला सांगितली पाहिजे. तो सेकंडहँड होता! मूळ नाव वेस्टार-६. १९८४ च्या फेब्रुवारीत, आपण आठवीत होतो तेव्हा, अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून तो सोडला. त्याची मोटर नीट पेटली नाही आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातले अंतराळवीर गेले आणि त्याला पकडून जमिनीवर घेऊन आले. पुढं दुरुस्ती होऊन एप्रिल १९९० मध्ये चीनच्या रॉकेटवरून तो पुन्हा वर गेला. जुन्या बाजारातला माल दुरुस्त करून विकणारा मी एकटाच नव्हतो, एवढंच म्हणायचं आहे.

पतसंस्थेचं कर्ज काढलं. वडिलांनी सही करताना विचारलं, "आकाशातलं फुकट येतंय, तर पैसे कशाला?" मी म्हटलं, "दादा, फुकट येतंय ते धरायला भांडं लागतं." ते भांडं म्हणजे बारा फुटी जाळीची डिश. पुण्याहून टेंपोतून आठ पाकळ्या सुट्या आल्या. गल्लीतल्या आज्या म्हणाल्या, "एवढी मोठी छत्री? कुणाच्या लग्नाची?" तेव्हापासून गावात तिचं नाव छत्रीच पडलं.

पाकळ्या जोडल्या, खांबावर चढवल्या आणि पहिला प्रश्न उभा राहिला. एलएनबी, म्हणजे डिशच्या समोर तीन पायांवर टांगलेला तो डबा, किती अंतरावर बसवायचा? सोबत आलेल्या कागदावर काहीतरी छापलं होतं, पण झेरॉक्सची झेरॉक्स, आकडा वाचता येईना. मी अंदाजानं बसवला. चित्र सोडाच, टीव्हीवर नुसता पांढरा खरखराट. मग मी संध्याकाळी विज्ञानाच्या सरांच्या घरी गेलो. सर समोरच बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही जेवत होता. तुम्ही आमटीची वाटी रिकामी केलीत, बल्बखाली धरलीत आणि म्हणालात, "अरे, अंतर्गोल आरसा. नाभी. आठवतंय का काही?"

मला आठवत नव्हतं. ते सर, तुम्हालाही माहीत होतं.

मग सरांनी कागदावर मांडून दाखवलं. डिश म्हणजे अन्वस्त. तिच्या काठावरून काठापर्यंत आडवी दोरी ताणायची आणि दोरीपासून तळापर्यंतची खोली मोजायची. व्यासाचा वर्ग करायचा आणि त्याला खोलीच्या सोळापटीनं भागायचं. आमचा व्यास १४४ इंच, खोली २४ इंच. उत्तर आलं ५४ इंच. मी डबा बसवला होता ४८ वर. सहा इंच जवळ! सरांच्या वाटीतून आलेला तो ५४ आकडा मी पुढं कितीतरी गावांत वापरला. अर्थात तीच डिश असेल तर. वेगळी डिश असेल तर दोरी ताणायची, पुन्हा मोजायचं.

दुसरा प्रश्न दिशेचा. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखे वाटतात. एशियासॅट १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. आपलं गाव साधारण ७४ वर. म्हणजे तोंड आग्नेयेला करायचं. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं ११६ अंश, आणि जमिनीपासून ४९ अंश वर. दिशेला होकायंत्र होतं. उंचीला काय? बाजारात त्याचं मीटर मिळायचं, पण माझ्याकडे पैसे संपले होते. मी धाकट्या बहिणीच्या कंपासपेटीतून कोनमापक काढला, त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट. डिशच्या काठाला वरपासून खालपर्यंत सरळ लाकडी पट्टी टेकवायची, कोनमापकाची सरळ बाजू पट्टीला लावायची आणि दोरा ४९ वर येईपर्यंत डिश झुकवायची. त्रिकोणमितीच्या धड्यात उन्नत कोन शिकवताना मी मागच्या बाकावर काय करत होतो, ते सांगत नाही. माझा बाकावरचा जोडीदार इथंच आहे, आणि तो आज पोलीस खात्यात आहे.

इतकं करूनही चित्र नाही. तीन रात्री आम्ही गच्चीवर टीव्ही ठेवून डिश ढकलत होतो. बारा फुटी डिशला नजर फार अरुंद असते, जेमतेम दीड अंशाची. खांबाच्या चार इंची पाइपावर एक अंश म्हणजे फक्त एक मिलिमीटर! तुम्ही डिश बोटभर सरकवता आणि वर आकाशात तुमची नजर तीन-चार उपग्रह ओलांडून गेलेली असते. तिसऱ्या रात्री दोन वाजता माझा मदतनीस कंटाळून म्हणाला, "डबाच फिरवून बघू का?" त्यानं एलएनबी जागच्या जागी पाव वळसा फिरवला, आणि फटकन चित्र आलं! लाटा उभ्या येतात किंवा आडव्या येतात, आणि डब्यातली सळई त्याच दिशेला असावी लागते. आमची डिश दुसऱ्या रात्रीपासूनच बरोबर होती. चूक डब्यात होती आणि आम्ही डिशला शिक्षा करत होतो.

तो धडा मी धंद्यात कायमचा धरला. आपल्यापैकी कुणाच्या गच्चीवर आजही छत्री असेल तर ऐकून ठेवा. चित्र गेलं की आधी डिशला हात लावायचा नाही. डिश आपण होऊन हलत नाही. आधी खाली बघायचं. रिसीव्हरला वीज आहे का? वरच्या डब्याला वीज त्याच केबलमधून जाते, तेव्हा रिसीव्हरच्या मागं मीटर लावून १३ ते १८ व्होल्ट मिळतात का बघायचं. मग केबलचं टोक. आतली एक बारीक तार बाहेरच्या जाळीला टेकली की सगळं बंद. मग वरचा जोड. आकाशातून ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झच्या लाटा येतात. त्या तशाच केबलमध्ये सोडल्या तर वाटेतच विरून जातील, म्हणून एलएनबी त्यांना ९५० ते १४५० मेगाहर्ट्झवर उतरवून खाली पाठवतो. त्या जोडात पावसाचं पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं. चांगली टेप गुंडाळायची, आणि केबल जोडाखाली झोळीसारखी वाकवून सोडायची, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आत जात नाही. आणि सगळं ठीक असेल तर डब्याच्या तोंडात डोकवायचं. एकदा एका गावाचा निम्मा केबल बंद होता, दोन मेकॅनिक हात टेकून गेले होते. मी शिडी लावली, प्लॅस्टिकचं झाकण फुटलेलं, आणि आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. काडीनं काढलं, बीबीसी सुरू!

आणखी एक. थंडीत चांगलं चालणारं चित्र पावसाळ्यात खराब होतं, असं म्हणत एक गृहस्थ दर वर्षी यायचे. त्यांच्या आग्नेयेला पिंपळ होता. थंडी सरता सरता पानं गळायची आणि चित्र सुधारायचं, मग नवी पालवी फुटून दाट व्हायची आणि ठिणग्या सुरू. ओल्या पानांतून ही लाट जात नाही. पिंपळ कोण तोडणार? डिश उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली.

आता मार्च १९९२ ची गोष्ट. सगळं व्यवस्थित चालू असताना एक दिवस सकाळी सव्वादहाला चित्रात ठिणग्या उडायला लागल्या. दोन-तीन मिनिटांत चित्र गेलं. थोड्या वेळानं आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वादहालाच. तिसऱ्या दिवशी लोक दुकानावर आले. मी पाना घेऊन गच्चीकडे निघालो होतो, तेवढ्यात सर शाळेला जाताना दिसले. त्यांना सांगितलं. सरांनी सायकल भिंतीला लावली आणि माझ्याबरोबर वर आले. त्यांनी रिसीव्हरकडे बघितलंच नाही. ते डिशसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पाना खिशात ठेव. सावली बघ."

डब्याची सावली डिशवर पडली होती. ती हळूहळू सरकत डिशच्या बरोबर मध्यावर आली, आणि त्याच क्षणी खालून मदतनीस ओरडला, "गेलं!" सर म्हणाले, "तुझा उपग्रह आणि सूर्य आत्ता एका रेषेत आहेत. सूर्यही लाटा सोडतो. त्याच्या आवाजापुढं तुझ्या उपग्रहाचं कुजबुजणं कसं ऐकू येणार? पाच-सहा दिवस होईल, मग थांबेल. सप्टेंबर संपताना पुन्हा होईल." आणि तसंच झालं.

त्या दिवशी मी पाना लावला असता तर चांगली बसलेली डिश बिघडवली असती. उलट सरांनी मला फुकटचं मीटर दिलं. ज्या घटकेला सूर्य आणि उपग्रह एका रेषेत येतात, त्या घटकेला सावली डिशच्या मध्यावर असेल तर डिश बरोबर आहे. बाजूला असेल तर तेवढी चुकली आहे. त्यानंतर दर मार्चला आणि दर सप्टेंबरअखेर मी माझ्या सगळ्या डिश सूर्याकडून तपासून घेतल्या. सरांची शाळेची घंटा त्या दिवशी चुकली, ती मात्र माझ्यामुळं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला, तोही त्याच उपग्रहावर, आणि मग मला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. हिंदी चॅनेल म्हटल्यावर प्रत्येक गल्लीला केबल पाहिजे होती. मराठीच्या बाई मला बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या छत्रीनं माझ्या मुलांचे निबंध बुडवले." बाई, तेव्हा मी हसलो होतो. आज माझा नातू मोबाइल घेऊन बसतो तेव्हा तुमची आठवण येते.

आता ती गोष्ट.

१९९३ च्या एप्रिलमध्ये मी नदीकडच्या आळीत दुसरी डिश बसवली. जुन्या वाड्याची गच्ची होती. तो वाडा आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचं माहेर. ती आज इथं आली आहे. तिचं नाव घेत नाही, तिला कळेल. डिश बसवायची तर खांबाला काँक्रीटचा पाया पाहिजे, गच्चीवर असेल तर खालच्या भिंतीवर भार येईल अशा जागी, आरपार बोल्ट आणि खालून लोखंडी पट्ट्या. हे मला माहीत होतं. पहिल्या डिशला मी तसंच केलं होतं. पण आळीतून चाळीस जोडण्यांचे पैसे आधीच घेतले होते, लोक रोज विचारत होते, आणि हाताशी सिमेंटला पैसे नव्हते. मी जुन्या स्लॅबमध्ये चार आखूड बोल्ट ठोकले, वर खांब उभा केला. चित्र उत्तम आलं. चित्राला पाया दिसत नाही.

मे महिन्यात वळीव आला. तुम्हाला आपल्याकडचा वळीव माहीत आहे, आधी धुळीची भिंत येते. बारा फुटी डिश म्हणजे शंभर चौरस फुटांहून मोठं शीड. ती भरीव पत्र्याची असेल तर ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर अर्ध्या टनाहून जास्त जोर येतो. जाळीची असली तर कमी, पण माझ्या चार बोल्टांना तेवढाही पुष्कळ होता. गारा पडायला लागल्या. वाड्यातली पाच-सहा पोरं गारा वेचायला अंगणात धावली. त्यांच्या आजीनं कपाळ फुटेल म्हणून ओरडून त्यांना पडवीत घेतलं. आणि मग डिश खांबासकट उपटली, कठड्यावरून गेली आणि अंगणात तुळशी वृंदावनावर पडली. वृंदावनाचे दोन तुकडे झाले. पोरं दहा पावलांवर पडवीत उभी होती, मुठीत गारा धरून.

मी धावत गेलो. सगळे म्हणत होते, "देवानं वाचवलं." मीही म्हणालो. वर म्हणालो, "वाऱ्यापुढं कुणाचं चालतं?" कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. उलट तिच्या वडिलांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "तुझं फार नुकसान झालं रे बाळा." तो चहा मी प्यायलो. आजही त्याची चव तोंडात आहे.

दुसऱ्या दिवशी सर आले. गच्चीवर गेले. स्लॅबमधून उपटलेला एक बोल्ट पडला होता, तो उचलला आणि तर्जनीला लावून बघितला. बोटाच्या दोन पेरांएवढा. मी वाट बघत होतो की आता सर सगळ्यांसमोर बोलतील. सर खाली आले, मला कोपऱ्यात घेतलं आणि तो बोल्ट माझ्या हातात ठेवला. एवढंच म्हणाले, "तू गणितातही पायरी गाळायचास. उत्तर बरोबर यायचं म्हणून मी अर्धे मार्क द्यायचो. ते माझं चुकलं."

सर, तुमचं काही चुकलं नव्हतं.

मी वृंदावन बांधून दिलं. डिश पायासकट पुन्हा उभी केली, अंगणाच्या मागं, जमिनीत खड्डा खणून. त्यानंतर पंधरा वर्षांत शंभरावर डिश बसवल्या, एकही पडली नाही. पण त्या घरात खरं कधी सांगितलं नाही. तिचे वडील गेले, आजी त्याआधीच गेल्या. माझी "वाऱ्यापुढं" ही गोष्ट त्यांच्याबरोबर तशीच गेली. म्हणून आज तुझ्यासमोर, आणि सगळ्यांसमोर सांगतो. वारा नव्हता. मी होतो. त्या पोरांमध्ये तुझ्या भावाची दोन मुलं होती. मला माफ कर.

(इथे थोडा वेळ थांबावे लागले. आमच्या मैत्रिणीने जागेवरूनच सांगितले, "आईला माहीत होतं. बोल्ट तिनंही बघितले होते. बोल पुढं.")

हे मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं त्या माउलीनं मला सणाला बोलावून जेवायला वाढलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. डिजिटल आलं, आमचे जुने रिसीव्हर भंगारात गेले. घरोघरच्या छोट्या छत्र्या आल्या. त्या लहान का, तर त्यांची लाट आखूड, तिप्पट वारंवारतेची, आणि उपग्रहही जास्त जोरानं पाठवतो. पण जोराचा पाऊस आला की ती आखूड लाट ढगातच अडते. आमच्या मोठ्या छत्रीला पावसाचं भय नव्हतं. तिला भय फक्त वाऱ्याचं आणि माझ्यासारख्यांचं. मी आता सौर पॅनेल बसवतो. तेही गच्चीवर, तेही वाऱ्यात. बोल्ट आरपार असतात.

शेवटची एक विनंती मुख्याध्यापकांना. आपण सगळे मिळून शाळेला काहीतरी देणार आहोत. संगणक येतीलच. माझ्या गोदामात ती पहिली बारा फुटी डिश अजून आहे. मला ती मैदानाच्या कोपऱ्यात बसवू द्या. रिसीव्हर नको, वीज नको. तोंड आग्नेयेला, ४९ अंशांवर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वादहाला मुलांना तिच्यासमोर उभं करा आणि सावली मध्यावर येताना दाखवा. अंतर्गोल आरसा, उन्नत कोन, अन्वस्त, सगळं एका जागी कळेल. मला जे दहावीत कळलं नाही ते त्यांना पाचवीत कळेल.

पाया मी स्वतः भरणार. तीन फूट खोल. आणि सर, काँक्रीट ओतण्याआधी तुम्ही येऊन बोल्ट बघायचे आहेत.

दहाची वीस मिनिटं झाली. थांबतो.